शेपटाच्या मागे दोघे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण आज माझी कंबर एकाच बाजूला वळते आहे आणि त्या बाजूला भिंत आहे. तेव्हा उभ्याउभ्याच केला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने उतरताना अजून कळ येते का? माझ्या बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालतेस ना? किल्ली फिरवताना दार जरा स्वतःकडे ओढून धरावं लागतं, नाहीतर ते दाद देत नाही. इकडे सर्व कुशल. सर्व म्हणजे भाऊजी. तुझे यजमान खणखणीत आहेत, दोन्ही वेळा चापून जेवतात आणि घोरतातही एका लयीत. माझं कुशल आहे की नाही, ते अजून ठरायचं आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. एक तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. दुसरं म्हणजे मी तुझ्यावर भयंकर रागावलो आहे, आणि फोनवर तू नुसतं 'बोल रे' म्हणालीस की माझा राग पाणी पाणी होतो, हा लहानपणापासूनचा अनुभव आहे. या वेळी तो मला तसा वाया घालवायचा नाही. राग कशाचा, ते ओघात येईलच. आत्ता एवढंच ध्यानात ठेव की उद्या सकाळी या गावातून दोन गोष्टी निघतात. एक आमची सायकलवाल्यांची टोळी, समुद्राच्या दिशेने. दुसरी घराकडे जाणारी बस. बसच्या टपावर सायकल चढवून घेतात, मी विचारून आलो आहे. या दोहोंपैकी कशाबरोबर जायचं, ते हे पत्र संपेपर्यंत मला ठरवायचं आहे. म्हणून पत्र लांबलं तर कंटाळू नकोस, मी वेळ काढतो आहे.

आधी तू मला या मोहिमेवर कशी धाडलीस याची उजळणी करतो, म्हणजे नंतर तुला कानांवर हात ठेवता येणार नाहीत. तू माझ्या घरी आलीस, खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस की भाऊजींनी त्या लांबच्या सायकल-सहलीत नाव घातलं आहे, त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवलेली आहे, आणि ते कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. तेव्हा तू जा, त्यांच्या मागे राहा, त्यांना जोरात जाऊ देऊ नकोस, आणि मुख्य म्हणजे त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. मी सरळ नाही म्हणालो. ही गेल्यापासून मी सायकलला हात लावलेला नाही, हे तुला ठाऊक होतं. सायकल म्हणजे आम्हा दोघांची रविवार सकाळ. मी पुढे, ही मागे. पुलाचा चढ चढून गेलो की मी वर थांबायचो आणि मागे वळून विचारायचो, आलीस का? हे सगळं तुला ठाऊक असूनही तू डोळे पुसलेस. (आता वाटतं, त्या डोळ्यांत पाणी होतं की नाही ते मी तपासायला हवं होतं.) जन्मभर लिफ्ट तपासण्याची नोकरी केलेल्या माणसाला 'जिवाला धोका आहे' एवढं सांगितलं की तो उठून उभा राहतो. तू माझी दुखरी नस बरोबर पकडलीस.

आता आमच्या टोळीची रचना समजून घे, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. सगळ्यांत पुढे असतात शिट्टीबाई. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाल्या. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही. त्यांच्या पुढे कोणी जायचं नाही, हा पहिला नियम. सगळ्यांत मागे असतो तो 'शेपूट'. हे टोळीतलं पद आहे, शिवी नव्हे. कोणाचं चाक बसलं, कोणाला चक्कर आली, कोणी रुसून रस्त्याच्या कडेला बसलं, तर त्याच्यापाशी शेपूट थांबतं. शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही, हा दुसरा नियम. आमचे शेपूट म्हणजे भूल देणारे डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी नाकावर मास्क ठेवून आकडे म्हणायला लावतात ना, ते. स्वभावाने फार शांत. त्यांच्याशी थोडा वेळ बोललं की मला जांभई येते, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही.

तिसरी एक पद्धत आहे, ती सगळ्यांत महत्त्वाची. पुढच्याला रस्त्यात खड्डा दिसला की तो 'खड्डाऽ' असं ओरडतो. ते ऐकून त्याच्या मागचा ओरडतो, मग त्याच्या मागचा, असं करत करत ते ओरडणं शेपटापर्यंत येतं आणि तिथे संपतं. शेपटाने ओरडायचं नसतं, त्याच्या मागे कोण आहे ऐकायला? पहिल्या दिवशी हे ओरडणं माझ्यापाशी आलं आणि माझ्यापाशीच विरलं. माझ्या मागच्या बाई थेट खड्ड्यात गेल्या. (लागलं नाही. पण त्यांचा डबा उघडला.) शिट्टीबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, तुम्हाला तोंड दिलंय ना? खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांत मी मोठ्याने असं काही बोललोच नव्हतो. घरात बोलायचं कोणाशी? पहिली हाक घशात अडकली, दुसरी फाटकी निघाली. पण संध्याकाळपर्यंत मी असा ओरडू लागलो, की शेतातली जनावरं मान वर करून बघत होती. भाऊजी त्या दिवशी उगाचच खूश दिसत होते. मला वाटलं, उतारामुळे.

ओरडण्यावरून आठवलं. (विषयांतर होतं आहे, पण बस सकाळी आहे.) आमच्या जिन्यात संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजवून पळून जाणारं कोणीतरी आहे, हे तुला मी सांगितलं होतं. मी दार उघडावं, तर समोर कोणी नाही. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून त्या अज्ञात कार्ट्याचा उद्धार करायचो. वरच्या मजल्यावरची पोरं असणार म्हणून त्यांच्या आईबापांकडेही जाऊन आलो. शेवटी जिन्यात कागद चिकटवला, 'बेल वाजवून पळणाऱ्यास ही अखेरची समज'. आणि तू काय म्हणाली होतीस? 'पोरं असतील रे, सोडून दे. पोरांनी नाही तर कोणी वाजवायची बेल?' हे तुझे शब्द आहेत. ते तसेच्या तसे इथे लिहून ठेवतो आहे, पुढे लागतील.

तर आजचा दिवस. काल रात्री आम्हाला एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या कॅन्टीनमध्ये उतरवलं होतं. लांबच लांब बाकं, भिंतीवर 'जेवणाचे ताट स्वतः उचला' अशी पाटी, आणि छताला न चालणारे पंखे. सकाळी चहा झाला, चाकांतली हवा अंगठ्याने दाबून बघून झाली, शिट्टी वाजली, टोळी निघाली. आज घाट होता. घाट म्हटल्यावर माझी जबाबदारी वाढली, कारण चढावरच हृदयाला श्रम. तेव्हा आज काही झालं तरी भाऊजींच्या मागेच राहायचं, त्यांच्यावरची नजर हलू द्यायची नाही, असं ठरवून मी बुटाची नाडी बांधायला थांबलो. म्हणजे ते पुढे जातील. तर भाऊजीही थांबले. म्हणाले, "बांधा, बांधा मेहुणेबुवा, घाई नाही." (तुझ्या लग्नापासून ते मला अहोजाहो करतात. थट्टेत सुरू झालं आणि तसंच राहिलं.) मी दुसरी नाडी बांधली. त्यांनी चष्मा पुसला. मी ब्रेक दाबून पाहिले. त्यांना एकाएकी कुठलासा पक्षी दिसला. शेवटी नाइलाजाने आम्ही बरोबरच निघालो, आणि जसजसा मी वेग कमी करावा तसतसा ते कमी करत गेले.

ताई, तीन दिवस हेच चाललं होतं, पण सपाट रस्त्यावर ते फारसं नजरेत भरत नव्हतं. मला मनातून भाऊजींची काळजी वाटू लागली होती. एके काळी पायऱ्या दोन-दोन चढणारा माणूस आता बैलगाडीला वाट देतो, म्हणजे ताईने सांगितलं त्याहून प्रकरण गंभीर आहे. त्यांच्या चेहऱ्यावरही माझ्याकडे बघताना असेच काहीसे भाव यायचे, ते मी वयाचा परिणाम समजत होतो. या सगळ्यात बिचाऱ्या शेपटाचे हाल पाहण्यासारखे होते. नियमाने त्याने सगळ्यांच्या मागे असायला हवं. पण आम्ही थांबलो की त्यालाही थांबावं लागे, आणि मी भाऊजींच्या मागे राहण्यासाठी इतका रेंगाळत असे की शेपूट नकळत पुढे निघून जाई. मग शेपटाच्या मागे मी. मग माझ्या मागे राहण्यासाठी भाऊजी. मग मान खाली घालून पुन्हा शेपूट. एका रिकाम्या रस्त्यावर तीन प्रौढ, शिकलेसवरलेले पुरुष शेवटचा नंबर मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते. बाकीची टोळी केव्हाच वळणाआड दिसेनाशी झाली होती.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर व्हायचं ते झालं. भाऊजी म्हणाले, "व्हा पुढे." मी म्हणालो, "छे, आधी तुम्ही." ते म्हणाले, "तुम्ही लहान." मी म्हणालो, "म्हणूनच मागे." हे बोलताना आम्ही पायडल मारायचं जवळजवळ थांबवलं होतं. सायकल चालत असली तरच उभी राहते, हे लहान मुलालाही कळतं. आम्हाला त्या क्षणी कळत नव्हतं. माझं हॅन्डल त्यांच्या हॅन्डलात अडकलं, आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि अतिशय सावकाश, बोलता बोलता, कडेच्या गवतात आडवे झालो. मी खाली, वर त्यांची सायकल, तिच्यावर भाऊजी. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल तर, "छातीत दुखतंय का?" आणि त्याच वेळी माझ्या अंगावरून, अहोजाहो विसरून, आवाज आला, "तुला बरं वाटतंय ना?"

शेपूट पाय टेकून उभं होतं. डॉक्टरांनी आम्हाला उचललं नाही. सायकल नीट लावली, हातमोजे काढले आणि आमच्याजवळ गवतात बसले. म्हणाले, "आता मला बोलायलाच हवं. मी शेपूट आहे, माझ्या मागे दोन दोन शेपटं असली तर मी काय करायचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिल्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेऊन काय सांगितलंत?" मी गवत उपटायला लागलो. भाऊजींसमोर कसं सांगणार? तेव्हा ते भाऊजींकडे वळले, "आणि तुम्ही?" भाऊजींनी चष्मा पुसायला घेतला. "दोघांनी एकच सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. "याच्याकडे लक्ष असू द्या, याची तब्येत बरी नाही, आणि मी सांगितलं हे याला कळू देऊ नका. मी दोघांकडेही लक्ष ठेवलं. यांचं हृदय माझ्यापेक्षा बरं चाललंय, यांच्या डॉक्टरांनी यांना सायकलीला केव्हाच परवानगी दिली आहे." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याबद्दल मात्र मला काही म्हणता येत नाही. मी फक्त झोपवतो."

मी भाऊजींना विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं माझ्यावर लक्ष ठेवायला? ते म्हणाले, तुला कोणी सांगितलं? उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर आत्ता हे पत्र वाचतं आहे.

ताई, तेव्हा मला जो राग आला त्याला तोड नाही. मी लिफ्टमध्ये पाट्या लावत आलो. इतकी माणसं, इतका भार, याच्या वर नेऊ नये. आणि इथे तू मला रखवालदार म्हणून पाठवलंस, मी तीन दिवस छाती पुढे काढून रखवाली केली, आणि निघालं काय, तर भार मीच! तुम्ही सगळे मला उचलून नेत होता, आणि मला वाटत होतं मी कोणाला तरी सांभाळतो आहे. मी उठलो, गवत झटकलं, एक शब्द न बोलता सायकलवर बसलो आणि घाट चढायला लागलो. बस कुठे मिळेल हे वर जाऊन विचारायचं, एवढंच डोक्यात होतं. रागाने पायांत काय येतं देव जाणे. एकेक करून सगळी टोळी मी मागे टाकली. ज्यांचा डबा उघडला होता त्या बाई म्हणाल्या, "अहो, हे कोण?" शेवटी मी शिट्टीबाईंनाही मागे टाकलं. माझ्या पाठीमागे ती शिट्टी जी वाजायला लागली, ती वळणामागून वळणं वाजतच राहिली. मला पर्वा नव्हती. एकटाच पुढे होतो, तरी खड्डा दिसला की सवयीने ओरडत होतो. मागून कोणी ते उचलत नव्हतं.

घाटमाथ्यावर एक मोडकं बाक आहे आणि एक पाण्याची टाकी. तिथून पलीकडचा सगळा मुलूख दिसतो, खाली नदी, तिच्या कडेने जाणारा आमचा उद्याचा रस्ता. मी सायकल टाकीला टेकवली. श्वास लागला होता, कानांत ठोके पडत होते, आणि बस वगैरे सगळं विसरायला झालं होतं. आणि ताई, मी मागे वळून म्हणालो, "आलीस का?"

तोंडातून गेलं. वर पोहोचल्यावर तेच म्हणायची सवय. म्हटल्यावर मला कळलं मी काय म्हणालो ते, आणि मला रडू फुटलं. ही गेली त्या दिवशी सुद्धा मी असा रडलो नव्हतो, तेव्हा पाहुण्यांच्या चहाचं बघत होतो. तुला खोटं कशाला सांगू, मला हिची फार आठवण येते. सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. घरात मी नीट राहतो, सगळं जागच्या जागी असतं, आणि त्या नीट घरात माझा जीव गुदमरतो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तू रोज यायला लागशील, म्हणून तर तुला दटावून ठेवलं होतं, की मी ठीक आहे, सारखी येऊ नकोस.

मी असा टाकीला धरून उभा असताना वळणाच्या आडून धापा टाकत आवाज आला, "आलो, आलो." भाऊजी. स्प्रिंग बसवलेल्या हृदयासकट ते माझ्या मागोमाग सगळी टोळी आणि शिट्टीबाई ओलांडून आले होते. चेहरा लालबुंद, चष्म्यावर वाफ. मी डोळे पुसत त्यांची नाडी धरली, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि दोघांपैकी कोण कोणावर लक्ष ठेवतं आहे हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. मग आम्ही बाकावर बसलो. त्यांनी खिशातून चेपलेला पाव काढला, मोडून अर्धा मला दिला.

मी म्हणालो, मी घरी जातो, भाऊजी, माझी काही गरज दिसत नाही इथे. त्यांनी पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "तुझ्या जिन्यातली ती बेल कोण वाजवतं, माहीत आहे तुला?" मी म्हणालो, वरच्या मजल्यावरची पोरं. "कसली पोरं! तुझी ताई." मला वाटलं उन्हामुळे काहीतरी बोलताहेत. तर म्हणाले, "तू तिला येऊ नको म्हणालास. मग ती संध्याकाळी फिरायला म्हणून निघते, तुझी बेल दाबते आणि खालच्या वळणावर जाऊन उभी राहते. तू दार उघडून शिव्या घालतोस, ते ऐकते आणि घरी येते. आल्यावर मला सांगते, 'आज चांगला ओरडला, बरा आहे.' मग तिला जेवण जातं." हे गुडघे घेऊन! जिन्याने! (कारण लिफ्टचे दोर तुटल्याच्या गोष्टी मीच तुला लहानपणी… नाही, नोकरी लागल्यावर सांगितल्या, आणि तेव्हापासून तू लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीस.)

"आणि मग," भाऊजी म्हणाले, "तू ओरडायचा बंद झालास. दार उघडायचास, थोडा उभा राहायचास आणि गुपचूप लावून घ्यायचास. त्या संध्याकाळी घरी आली ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या दोघांची नावं घातली. मी कुठे घातलं होतं नाव? मला तर सायकलीवर बसून ठिकठिकाणी सोललंय." मग म्हणाले, "पहिल्या दिवशी तू खड्डा म्हणून ओरडायला लागलास ना, त्या संध्याकाळी मी तिला फोन केला. बाकी काही नाही, नुसतं सांगितलं, ओरडतोय."

तेवढ्यात शिट्टीबाई वर पोहोचल्या आणि बोलायचं काम त्यांनी एकटीने केलं. नियम मोडल्याची शिक्षा म्हणून उद्या सबंध दिवस मी त्यांच्या शेजारून, सगळ्यांत पुढे जायचं आणि टोळीसाठी खड्डे पुकारायचे. सगळ्यांत शेवटी शेपूट आलं, आमच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच खरोखर शेवटचं आल्याच्या समाधानाने टाकीतलं पाणी प्यायलं. उतारावर भाऊजी म्हणाले, "तू हो पुढे," आणि मी मुकाट्याने झालो. खाली येईपर्यंत जो जो खड्डा दिसला तो मी पुकारला, आणि दर वेळी माझ्या मागून भाऊजींचा आवाज आला. (त्यांचा आवाज फार पिचका आहे, हे तू त्यांना सांगू नकोस.)

तर हा माझा राग. तू मला फसवलंस, भाऊजींना फसवलंस, वरच्या मजल्यावरच्या निरपराध पोरांवर आळ येऊ दिलास, आणि 'सोडून दे' म्हणताना तुझ्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तुझ्यासारख्या बाईला काय म्हणावं, ते मला सुचत नाही. बसचं म्हणशील, तर शिक्षा अर्धवट टाकून पळणं मला शोभणार नाही. एवढ्याच कारणाने मी सायकलीने पुढे जातो आहे. दुसरं काही कारण नाही.

जपून राहा. भाऊजींना नमस्कार सांग असं दर पत्रात लिहायची सवय आहे, पण ते इथे माझ्या शेजारी मोजे वाळत घालताहेत.

तुझा, अजून रागावलेला,
धाकटा भाऊ

ता. क. पत्र भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांच्या मते माथ्यावर त्यांनी मला मुद्दाम आधी पोहोचू दिलं. माझ्या मते नाही. डॉक्टरांचं मत विचारलं, तर ते झोपले होते. भाऊजी असंही म्हणतात की पत्रात राग नीट उतरलेला नाही, शेवटी शेवटी तर शोधावा लागतो. तो आहे असं धरून वाच.

ता. क. दुसरा. जिन्यातला तो कागद काढून टाक. तू रोज त्याच्यावरून येत-जात होतीस, वाचला असशीलच. वरच्या पोरांना कुंडीतली जी काय फुलं आली असतील ती दे आणि सांग, काकांचा गैरसमज झाला होता.

ता. क. शेवटचा, आणि खरं तर यासाठीच पत्र लिहायला बसलो. मी परत आलो की पहिल्या संध्याकाळी ये. जिन्याने नको, लिफ्टने ये, तिचे दोर मी स्वतः तपासलेले आहेत. बेल वाजव. दार उघडायला मला थोडा वेळ लागेल, आणि उघडता उघडता मी सवयीने ओरडेन, ते मनावर घेऊ नकोस. पण पळू नकोस, ताई. तिथेच उभी राहा.